मोजायचे तर दहा वर्षांनी चालणारे पाणी मोजा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आफ्रिकी महासंघाने २०२६ या वर्षासाठी पाणी आणि स्वच्छता हा विषय ठरवला आहे आणि त्याचा धागा २०६३ पर्यंतच्या आपल्या दीर्घ आराखड्याला जोडला आहे. त्याआधीच्या ‘आफ्रिका जलदृष्टी २०२५’ या संकल्पाची मुदत संपली. सर्वांना पाणी आणि संडास मिळावेत म्हणून साऱ्या जगाने घालून घेतलेली २०३० ची मुदतही जवळ आली आहे. आपल्याकडे अशा बातम्यांना चार ओळींची जागा मिळते. तरीही हे पत्र सविस्तर लिहिते आहे, कारण माझी सगळी नोकरी ग्रामीण पाणीपुरवठ्यात गेली. सुरुवात हातपंपांवर झाली आणि अनेक गावांच्या एकत्रित नळयोजनांवर काम करता करता मी निवृत्त झाले. वर उद्दिष्ट ठरते तेव्हापासून खाली तोटीला पाणी येईपर्यंत मधे काय काय होते, ते मी आतून पाहिले आहे. म्हणून सांगते, कोणत्याही प्रदेशाचे पाण्याचे उद्दिष्ट बांधलेल्या कामांत मोजले की ते कागदावर पुरे होते आणि गावात अपुरे राहते. दहा वर्षांपूर्वी बांधलेले आज चालते का, हे मोजले पाहिजे.

सालांची तर आपल्याकडे कमतरता नाही. मार्च १९७७ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता या शहरात पाण्यावरची पहिली जागतिक परिषद भरली. तिच्यातून १९८१ ते १९९० हे पेयजल आणि स्वच्छता दशक निघाले आणि १९९० पर्यंत सर्वांना पाणी व संडास देण्याचे ठरले. दशक संपत आले तेव्हा दिल्लीत आढावा झाला. मोजक्यांना भरपूर देण्यापेक्षा सगळ्यांना थोडे तरी मिळावे, असे सूत्र तिथे मांडले गेले. ते मला आजही पटते. मग २००० साली संयुक्त राष्ट्रांची सहस्रकाची उद्दिष्टे आली. त्यांत २०१५ पर्यंत पाण्यावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आणायचे होते, पण संडासाचा उल्लेखसुद्धा नव्हता. तो जोहान्सबर्गच्या परिषदेत, २००२ मध्ये, मागाहून जोडला गेला. मैल्याचा प्रश्न नेहमी असा मागाहूनच आठवतो. पाण्याच्या योजनेचे उद्घाटन करायला माणसे मिळतात, मैला प्रक्रिया केंद्राचे करायला मिळत नाहीत.

त्या सहस्रकाच्या उद्दिष्टांचे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले की पिण्याच्या पाण्याचे लक्ष्य मुदतीच्या पाच वर्षे आधी, २०१० मध्येच, गाठले गेले. मोजणी कशी होती? घरातला नळ, सार्वजनिक नळ, बोअरवेल, बांधलेली विहीर, बंदिस्त झरा, साठवलेले पावसाचे पाणी, यांपैकी काही वापरता का, असा प्रश्न. उत्तर ‘हो’ आले की ते कुटुंब ‘सुधारित स्रोत’ वापरणाऱ्यांत जमा. त्या पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का, फ्लोराइड आहे का, तोटीला रोज पाणी येते का, ते आणायला बाईला किती वेळ लागतो, यांपैकी कशावरही ते लक्ष्य ठरलेले नव्हते. स्रोत कोणत्या प्रकारचा आहे तेवढे मोजले जात होते. संडासाचे लक्ष्य तर त्या मोजणीनेही चुकले.

२०१५ नंतर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीने प्रश्न बदलले. पाणी घराच्या आवारात आहे का, गरज लागते तेव्हा मिळते का, आणि ते दूषित नाही ना, ही तिन्ही उत्तरे बरोबर आली तरच ‘सुरक्षित व्यवस्था’ धरायची. जाऊन, रांगेत थांबून, परत यायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर स्रोत कितीही चांगला असला तरी एक पायरी खाली. संडासाचेही तसेच: तो फक्त त्या घराचा आहे का, आणि त्यातल्या मैल्याची विल्हेवाट सुरक्षित लागते का. नव्या मोजणीने २०२४ चे चित्र असे दाखवले की जगात सुमारे २१० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेतले पाणी नाही, ३४० कोटींना तशी स्वच्छतेची सोय नाही आणि अजून सुमारे ३५ कोटी लोक उघड्यावर जातात. हे आकडे जुन्यांपेक्षा भीतिदायक दिसतात, पण ते खरे बोलतात. मला स्वतःला ही बदललेली प्रश्नावली कोणत्याही घोषणापत्राहून मोलाची वाटते.

मात्र काळ अजूनही या प्रश्नावलीत पुरता उतरलेला नाही. आज चालू असलेली योजना पुढच्या पाहणीत चालू असेल की नाही, हे तिच्यातून कळत नाही. इथे मला हापशाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या मातीतली आहे आणि आफ्रिकेच्या उद्दिष्टांशी तिचा थेट संबंध आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळात कठीण खडक फोडणारी बोअरची यंत्रे आली. बोअर भराभर झाले, पण त्यांच्यावर बसवलेले पंप ओतीव लोखंडाचे होते आणि मुळात एखाद्या कुटुंबाच्या परसासाठी घडवलेल्या नमुन्यावरचे होते. सगळे गाव पहाटेपासून हापसायला लागल्यावर त्यांचे सांधे तुटत. १९७० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य पंप बंद आढळले. त्याच सुमारास जालना आणि सोलापूर इथल्या ख्रिस्ती मिशनच्या कामातून पोलादी, दणकट पंप घडले होते. सोलापूरच्या पंपात हँडल एकाच आसावर फिरे आणि रॉड साखळीने जोडलेला असे, त्यामुळे रॉड सरळ वरखाली होई आणि झीज कमी. त्या पंपावरून युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्याने मिळून ‘इंडिया मार्क २’ तयार केला. त्याचा आराखडा कुणाच्या मालकीचा ठेवला नाही. कुठलाही कारखाना मानकाप्रमाणे तो बनवू शकत होता. म्हणून तो इथल्या लाखो बोअरवर बसला आणि पुढे आफ्रिकेत देशोदेशी पोहोचला. मला याचा फार अभिमान आहे.

पण पंप गेला, त्याच्यामागची व्यवस्था गेली नाही. तमिळनाडूत या पंपाबरोबर तीन पातळ्यांची रचना उभी राहिली होती: गावात पंपावर नजर ठेवणारा माणूस, गटाला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडी-अवजारांसह पथक. आफ्रिकेतल्या अनेक योजनांत मात्र पंप बसवून झाला की गावात एक समिती नेमायची, तिला थोडे प्रशिक्षण द्यायचे आणि ‘आता हा तुमचा’ म्हणून निघून जायचे, असा प्रघात पडला. सुटे भाग मिळत दूरच्या मोठ्या शहरात. २००९ मध्ये वीस देशांचे आकडे एकत्र केले गेले तेव्हा सुमारे ३६ टक्के हातपंप बंद निघाले. शिवाय जिथे भूजल आम्लधर्मी आहे तिथे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप काही वर्षांतच गंजतात. पाणी तांबूस येते, डाळ शिजत नाही, कपड्यांना डाग पडतात, आणि बाया पुन्हा नाल्याकडे वळतात. अशा पंपाची नोंद ‘चालू’ अशीच राहते.

माझ्या नोकरीत बंद पंप उघडला की आत बहुतेक वेळा सापडे ते झिजलेले चामड्याचे वॉशर, नाहीतर तुटलेला रॉड. वस्तू किरकोळ. पण ती बदलायची म्हणजे तिकाटणे उभे करून, पाइपांना क्लॅम्प लावून, एकेक पाइप वर काढत सगळी माळ बाहेर घ्यायची. त्याला पाच-सहा माणसे लागतात आणि त्यांतल्या एकाला तरी ते काम येत असावे लागते. पुढे ‘मार्क ३’ मध्ये पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येऊ लागला ते याचसाठी. वॉशर कधीच महाग नव्हते. ते घेऊन येणारा माणूस नेमलेला नसे आणि नेमलेला असला तर त्याच्या प्रवासाला पैसा नसे. नव्या पंपाला मात्र असे. नवे काम भांडवली खर्चात बसते, त्याला देणगीदार मिळतो, कोनशिला बसते. दुरुस्ती दरवर्षीच्या खर्चात येते आणि काटकसर तिथूनच सुरू होते.

बांगलादेशाचा अनुभव आणखी कठोर आहे. तळ्यांच्या दूषित पाण्याने मुले अतिसाराने मरत होती म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे उथळ कूपनलिका घेतल्या गेल्या, मग लोकांनी आपल्या खर्चानेही लाखोंनी घेतल्या. मोजणीच्या दृष्टीने ते मोठे यश होते. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक आढळले. ते गाळाच्या थरांत निसर्गतःच होते आणि कुणी ते तपासलेच नव्हते. कोट्यवधी लोक वर्षानुवर्षे ते पाणी पीत होते. नंतर तपासणी करून विषारी पंपाची तोटी लाल आणि चांगल्याची हिरवी रंगवण्याची मोहीम झाली. पण पाणी तपासणे हे एकदाचे काम नव्हे. त्याला कायमची प्रयोगशाळा, कायमचे कर्मचारी आणि दर पावसाळ्याआधी व नंतर नमुना घेणारा कुणीतरी लागतो. प्रादेशिक उद्दिष्टांच्या कागदांत ‘गुणवत्ता’ हा शब्द हमखास असतो, प्रयोगशाळेतल्या पदांची संख्या क्वचितच.

आता मैला. या विषयावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. दक्षिण आशियातले देश २००३ पासून स्वच्छतेच्या परिषदा भरवत आले. पहिली ढाक्याला झाली. २००८ च्या दिल्लीच्या परिषदेत स्वच्छता हा माणसाचा हक्क असल्याचे मान्य केले गेले, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी आणि स्वच्छतेचा हक्क मान्य करण्याच्या दोन वर्षे आधी. २००८ मध्येच आफ्रिकेतल्या मंत्र्यांनी डर्बनमध्ये ठरवले की राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान अर्धा टक्का स्वच्छतेवर खर्च करायचा. बहुतेक देश त्या अर्ध्या टक्क्यापर्यंत कधी पोहोचलेच नाहीत. २०१५ च्या डाकारजवळच्या न्गोर घोषणेत पुन्हा २०३० चे वचन दिले गेले. दक्षिण आशियात उघड्यावर जाणे खूप कमी झाले आहे आणि बांगलादेशात तर ते जवळपास संपले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण संडास बांधला त्या दिवसापासून त्याचा खड्डा भरू लागतो.

दोन शोषखड्ड्यांचा संडास ही आपल्या भागातली फार शहाणी रचना आहे. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरमधला मार्ग बंद करून मैला दुसऱ्यात सोडायचा. पहिला दीड-दोन वर्षे मिटून ठेवला की आतल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते आणि ते काढायला कुणाला घाणीत उतरावे लागत नाही. ही रचना पाळली तर कोणत्याही गाडीची, कोणत्याही केंद्राची गरज नाही. पण घाईने आकडा गाठताना अनेक ठिकाणी एकच खोल खड्डा खणला जातो, किंवा दोन्ही खड्ड्यांत एकदमच मैला सोडला जातो, किंवा तळाशी सिमेंट केलेली टाकी बांधून तिला शोषखड्डाच जोडला जात नाही. तो भरला की उपसणारी गाडी बोलवा. गाडी आली तरी ती रिकामी कुठे होते? प्रक्रिया केंद्र नसेल तर नाल्यात, शेतात, नदीत. गाडी पोहोचत नाही त्या गल्लीत अजून माणूस उतरतो. आपल्या देशात हाताने मैला काढायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी टाक्यांत गुदमरून मरणाऱ्या कामगारांच्या बातम्या आपणच छापता. ज्या उद्दिष्टात संडासांची संख्या आहे आणि उपशाची सोय नाही, ते या माणसांच्या जिवावर पुरे होते. हे मला सहन होत नाही.

असे होतेच, असे मात्र नाही. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह युद्धातून बाहेर आली तेव्हा तिथले ७० टक्क्यांहून अधिक पाणी गळतीत आणि चोरीत जात होते. १९९३ मध्ये ‘एक सोन चान’ नावाच्या अधिकाऱ्यांकडे पाणीपुरवठ्याची जबाबदारी आली. त्यांनी ग्राहकांची यादी घरोघर फिरून नव्याने केली, प्रत्येक जोडणीला मीटर बसवले, बड्या थकबाकीदारांना सोडले नाही (एका सेनाधिकाऱ्याने त्यापायी त्यांच्यावर पिस्तूल रोखले होते), गळती शोधणारी पथके रात्रंदिवस ठेवली आणि गरीब वस्त्यांना कमी दर व हप्त्यांत जोडणी दिली. काही वर्षांत पाणी चोवीस तास आले आणि वाया जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण सुमारे सहा टक्क्यांवर आले. शहराला परदेशी कर्ज आणि मदत मिळाली होती, पण ती पुष्कळांना मिळते. इथे गळतीचा आकडा रोज पाहणारा माणूस होता आणि त्याला अधिकार होते. नामिबियातल्या विंडहुकने तर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या पुरवठ्यात आणले आहे. वाळवंटाच्या कडेवरचे शहर इतकी वर्षे ते चालवते, कारण तिथे दर टप्प्यावर पाणी तपासले जाते आणि तपासणीत नापास झालेले पाणी पुढे सोडले जात नाही.

प्रदेशाचे उद्दिष्ट म्हणायचे तर नद्यांकडेही पाहावे लागेल. सेनेगल नदीच्या काठच्या माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या देशांनी १९७२ मध्ये संयुक्त संस्था स्थापन केली, धरणे तिघांच्या सामाईक मालकीची केली, आणि २००६ मध्ये उगमाकडचा गिनीही त्यांत आला. तिथे सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. धरणांमुळे साचलेल्या पाण्यात गोगलगाईंमार्फत पसरणारे रोग वाढले, खालच्या पूरक्षेत्रातली शेती बदलली. पण भांडायला एक सामाईक टेबल तरी आहे. आपल्या भागात भारत आणि बांगलादेश यांच्यातला गंगेच्या पाणीवाटपाचा करार डिसेंबर १९९६ चा, तीस वर्षांच्या मुदतीचा. म्हणजे त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत. त्यात किती पाणी कुणाला हे आहे. ते पाणी कसे असावे, वरच्या शहरांचा मैला खालच्या माणसाच्या घशात जाऊ नये, हे पुढच्या करारात यायला हवे. नदीकाठी उद्दिष्ट एका देशाचे राहत नाही.

मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची जलपरिषद झाली, १९७७ नंतर थेट ४६ वर्षांनी. तिथे सातशेच्या आसपास वचने गोळा झाली, सगळी ऐच्छिक. आफ्रिकेची २०६३ ची आणि जगाची २०३० नंतरची नवी उद्दिष्टे आता लिहिली जातील. माझे म्हणणे एवढेच की नवे साल लिहिण्याआधी जुन्या सालातल्या कामांची मोजदाद व्हावी. प्रत्येक देशाने दहा वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या योजनांची यादी काढावी आणि त्यांतल्या किती आज चालू आहेत ते छापावे. दुरुस्तीचा, पाणी तपासणीचा आणि खड्डे उपसण्याचा खर्च कुठून येणार हे लेखी दाखवल्याशिवाय नव्या बांधकामाला मंजुरी देऊ नये. मेकॅनिक आणि प्रयोगशाळा सहायक कंत्राटावर, मानधनावर, प्रकल्प संपेपर्यंत ठेवले जातात. ती पदे कायम असावीत. आणि पंपाची साखळी बदलायला जशी पुरुषांची समिती नेमतात तशी पाणी भरणाऱ्या बायांचीही नेमावी, कारण पंप जड चालू लागला हे त्यांच्या खांद्यांना आधी कळते. बंद पडण्याच्या कितीतरी आधी त्या ते सांगू शकतात. त्यांना विचारणारी वही कुठल्याही कार्यालयात मला दिसली नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. पाणी किंवा स्वच्छता योजनेच्या लोकार्पणाची बातमी छापाल तेव्हा त्याच चौकटीत त्याच भागातल्या दहा वर्षांपूर्वीच्या योजनेची आजची स्थितीही द्यावी: पंप चालू की बंद, पाण्याचा शेवटचा नमुना कधी तपासला, मैला उपसून कुठे टाकला जातो. आपले जिल्ह्यांतले वार्ताहर ही माहिती एका फेरीत आणू शकतील. ती सलग वर्षभर छापून आली, तर उद्दिष्टे लिहिणाऱ्यांनाही ती वापरता येईल.

आपली,
ग्रामीण पाणीपुरवठ्यातील एक निवृत्त अभियंता